पहिली खोली स्वतः रंगवताना

आमच्या डोंबिवलीच्या घरातली मागची खोली मी पहिल्यांदा रंगवायला घेतली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी रोलरला भिंतीचा अख्खा पापुद्रा चिकटून आला. फुगलेल्या भाकरीचा सुटावा तसा. आत जुनं डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या पिठाचा जुना रंग, होतं. मी ते ओल्या फडक्याने वरवर पुसलं होतं आणि ‘झाली भिंत साफ’ म्हणून मोकळी झाले होते. वर चढवलेला महागाचा प्लास्टिक पेंट भिंतीला धरून नव्हताच, त्या पिठाला धरून होता.

समोरच्या घरात तेव्हा एक वयस्कर रंगारी काम करत होते. त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. म्हणाले, "ताई, डोळं मिटा आन् भिंतीवरनं हात फिरवा. डोळा फसतो, हात न्हाय फसत." हात फिरवला, तळवा पांढरा झाला. पुढचे दोन दिवस मी पत्रीने, म्हणजे पातळ पत्र्याच्या खरवडणीने, भिंत खरवडत बसले.

तेव्हापासून चार-पाच खोल्या रंगवून झाल्या. जे सांगतेय ते पहिल्यांदाच ब्रश हातात घेणाऱ्यांसाठी. एक सूचना आधीच: सुरुवात हॉलपासून करू नका. मागची, लहान, पाहुण्यांना न दाखवायची खोली निवडा. चुका तिथे होऊ द्या.

कधी करायचं

आपल्याकडे रंग म्हटलं की दिवाळी. पण कोकणात, मुंबई-ठाण्यात दसऱ्याच्या आसपास बाहेरच्या भिंती पावसाने पोटभर पाणी प्यायलेल्या असतात. पश्चिमेची भिंत तर विचारूच नका. वरून कोरडी दिसते, आतून ओली असते. घाईने रंग चढवला की पौषापर्यंत त्याला फोड येतात. मला विचाराल तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. दिवाळीच्या आधीच करायचं असेल तर निदान बाहेरच्या बाजूची भिंत तपासून घ्या.

तपासणी सोपी आहे. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला हवाबंद चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवा दमट आहे, भिंतीचा दोष नाही. भिंतीत ओल असेल तर रंगाचा विचार सोडा. आधी ती येते कुठून ते शोधा: वरच्याचं बाथरूम, बाहेरच्या गिलाव्याची चीर, खिडकीच्या वरच्या सज्जाची कड, भिंतीतून गेलेला नळ. ओलीवर आतून कितीही भारी रंग लावला तरी पाणी आपली वाट काढतं. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आतून लावायचा डबा पुढे करतो. मूळ बंद न करता तो लावला तर ओल दोन हात सरकून दुसरीकडे फुटते.

भिंतीवर पांढरी भुरभुरीत खार फुलली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसू नका, क्षार विरघळून परत आत जातात. काळी-हिरवी बुरशी असेल तर तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून बुरशीनाशक द्रावण लावा आणि पूर्ण सुकू द्या. त्याच वेळी ॲसिड किंवा दुसरं कुठलं क्लीनर वापरू नका. अशा द्रावणात ब्लीच असू शकतं, आणि ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू होतो.

नवं बांधकाम असेल तर गिलावा झाल्यावर निदान 28 दिवस थांबा. सिमेंटचा गिलावा क्षारयुक्त असतो. घाई केली की गडद रंग जागोजागी फिकट पडून ठिपके दिसतात. गावचं मातीचं, सारवणाचं घर असेल तर त्यावर प्लास्टिक पेंट लावूच नका. माती श्वास घेते, रंगाने तिचं नाक बंद होतं आणि पापुद्रे निघतात. तिथे चुनाच बरा.

किती रंग लागेल

आपली नेहमीची खोली धरू: 10 बाय 12, उंची साडेनऊ फूट. चारी बाजूंची बेरीज 44 फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे 418 चौरस फूट. त्यातून 7 बाय 3 चं दार आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली की 381. छत 120. भिंत गुळगुळीत असेल तर साध्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक पेंटचा, एक लिटर दोन हातांना (दोन थरांना) 50 ते 70 चौरस फूट पुरतो. मी 60 धरते. म्हणजे भिंतींना साधारण साडेसहा लिटर आणि छताला दोन. डबे 1, 4, 10 आणि 20 लिटरचे मिळतात, तेव्हा भिंतीसाठी 4 चा एक आणि 1 चे तीन घ्या. अर्धा लिटर उरेल, तो नंतर कामाला येतो. भिंत खडबडीत असेल तर जास्त लागेल. पांढऱ्यावरून गडद किंवा गडदवरून पांढरा करायचा असेल तर तिसरा हात धरूनच चला.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, एका हाताला लिटरमागे शंभरेक चौरस फूट. छत धरून एका हाताला पाचेक लिटर, दोन हात द्यायचे तर दुप्पट.

शेड मशीनवर मिसळून घेताना सगळे डबे एकाच वेळी मिसळून घ्या. घरी आल्यावर सगळे मोठ्या बादलीत एकत्र ओतून लाकडी पट्टीने खालपासून वर ढवळा. दोन वेळा मिसळलेल्या डब्यांत किंचित फरक पडतोच. तो भिंतीच्या मधोमध दिसला तर जन्मभर तिथेच नजर जाते. शेडचा नंबर आणि बेसचा (ज्या मूळ रंगात शेड मिसळली त्याचा) नंबर डब्यावरून मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

बाकीचं सामान: लांबी (पुट्टी) लावायच्या दोन पत्र्या, एक चार इंची आणि एक आठ इंची. पॉलिशपेपर 100, 180 आणि 320 नंबरचे. नऊ इंची रोलर, त्याची लांब काठी आणि ट्रे. कटिंगसाठी (कडा रंगवायला) दोन इंची ब्रश, बाकी कामाला चार इंची. मास्किंग टेप, एन-95 मास्क, गॉगल, जुनी टोपी. ब्रश स्वस्तातला घेऊ नका. नवा ब्रश आदल्या दिवशी धुऊन तळव्यावर घासा, सुटे केस तेव्हाच गळून जातात. नाहीतर ते भिंतीवर रंगात अडकतात आणि उन्हात मिशीसारखे दिसतात.

जमिनीवर पसरायला मी आता जुने फ्लेक्स वापरते. वर्तमानपत्र फाटतं, चादरीतून रंग खाली उतरतो. आपल्याकडे मात्र नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मुबलक. उलटे पसरले की शुभेच्छा जमिनीकडे जातात आणि फरशी वाचते. फक्त पाय घसरतो, तेव्हा शिडीखाली फ्लेक्स ठेवू नका.

शेड निवडताना

शेडकार्डाचा तुकडा दोन बोटांएवढा असतो. तोच रंग चार भिंतींवर गेला की एका भिंतीचं प्रतिबिंब दुसरीवर पडून तो गडद दिसतो. म्हणून जो आवडला त्याच्यापेक्षा एक शेड फिकट, हा माझा ठोकताळा. छोटा नमुना डबा मिळत असेल तर घ्या. दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फुटी चौकोन रंगवा. सकाळी बघा, दुपारी तीनला बघा, रात्री ट्यूब लावून बघा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर येणारं ऊन पिवळं-नारंगी असतं. तिथे पीच, केशरी, आंब्याचा रंग लावला तर खोली भट्टीसारखी तापल्याचा भास होतो. उत्तरेचा उजेड थंड, तिथे राखाडी उदास वाटते.

एक गोष्ट मुंबईकडच्या लोकांनी लक्षात ठेवावी. शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असते. तिची भिंत हिरवी असेल तर दुपारी तुमच्या पांढऱ्या खोलीत हिरवट उजेड येतो. आमच्या मागच्या खोलीत तसंच होतं. म्हणून तिथे शुभ्र पांढरा न घेता थोडा पिवळसर, ताकासारखा घेतला, तेव्हा डोळ्यांना बरं वाटलं.

चमक किती हवी, हाही प्रश्न असतोच. मॅट फिनिशने भिंतीचे खड्डे-उंचवटे झाकतात, पण मुलांच्या बोटांचे डाग पटकन धरतात. हलकी चमक पुसायला सोपी, मात्र भिंतीतला प्रत्येक दोष दाखवते. स्वतः लांबी भरणाऱ्या नवख्याने मॅट घ्यावा. स्वयंपाकघराला आणि मुलांच्या खोलीला चमकीचा धुता येणारा, पण तिथे भिंतीवर मेहनत जास्त करावी लागेल. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून ऑफ-व्हाइटच लावा. वाद नको.

भिंत तयार करणं

खरा वेळ इथेच जातो. खोली रिकामी करा. जे हलत नाही ते मधोमध ओढून प्लास्टिकने झाका. मुख्य बोर्डावर त्या खोलीचं एमसीबी खाली पाडा, मग स्विचबोर्डाच्या प्लेट सैल करा. टेस्टरने एकदा बघून घ्या. खिळे काढा, दिव्याच्या काजळीचे आणि तेलकट हातांचे डाग धुवा. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वाफेचा थर साध्या पाण्याला जुमानत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, हातमोजे घालून घासा आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसा.

आता हात फिरवा. तळव्याला पीठ लागलं तर जुनं डिस्टेंपर किंवा चुना आहे. ते खरवडलंच पाहिजे. स्पंजने भिंत ओली करा, दहा मिनिटं थांबा आणि पत्री साधारण तीस अंशाच्या कोनात धरून ओढा. मऊ लगदा निघतो, केरसुणीने गोळा करून टाका. हाताला काहीच लागलं नाही तर जिथे फुगवटा दिसतो तिथे चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर तेवढा भाग काढायचा, नाही आला तर जुना रंग धरून आहे, त्याला 180 च्या पॉलिशपेपरने घासून खडबडीत केलं की पुरे.

दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइल पेंट मात्र सुका घासू नका. 2016 च्या नियमानुसार घरगुती रंगांतलं शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित झालं आणि ते 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झालं. त्याआधीच्या चकचकीत तेलरंगात शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पाण्यात भिजवलेल्या वॉटर-पेपरने ओलं घासा, मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर हे काम त्यांना दुसरीकडे पाठवूनच.

भेगांकडे वळू. केसाएवढी भेग असेल तर पत्रीच्या टोकाने थोडी रुंद करा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच व्हायला हवी. न खणता वरून लांबी फासली तर ती भेगेत शिरतच नाही, नुसती पूल बांधते आणि पहिल्या उन्हाळ्यात तडकते. धूळ ब्रशने काढा, क्रॅक फिलर दाबून भरा. बीम आणि विटेच्या भिंतीच्या सांध्यावर आडवी सरळ भेग येते, ती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिथे जाळीची टेप लावून मग भरा. पण तिरकी, बोट जाईल एवढी रुंद होत जाणारी भेग, किंवा बीम-खांबावर गंजाचे तपकिरी ओघळ दिसले, तर ब्रश बाजूला ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. ते रंगाचं काम नाही.

लांबी

लांबी म्हणजे पुट्टी, आणि तिचे दोन प्रकार असतात. पांढऱ्या सिमेंटची भुकटी पिशवीत येते, ती उघड्या गिलाव्यावर, भिंत हलकी ओली करून लावायची. जुन्या रंगावर ती नीट धरत नाही. तिथे ॲक्रिलिक लांबी, जी डब्यात तयार लोण्यासारखी मिळते. क्रम असा: जुनी रंगवलेली भिंत घासून झाली की प्रायमरचा एक हात, त्यावर ॲक्रिलिक लांबी, ती घासून परत प्रायमर. ओलसर जागी मात्र ॲक्रिलिक वापरू नका.

सिमेंटची घेतलीत तर एक किलोला साधारण 360 ते 380 मिलि पाणी. पिशवीवर लिहिलेलं बघा, तेच खरं. कालवून दहा मिनिटं ठेवा, परत ढवळा. दोन तासांत संपेल एवढीच कालवा. बादलीत घट्ट होऊ लागली की लोक पाणी घालून पुन्हा सैल करतात. तसं करू नका, ती लांबी नंतर खडूसारखी झडते.

पत्रीवर थोडीच लांबी घ्या. खालून वर एकाच ओढीत, पत्री भिंतीला दाबून. पातळ थर. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे. जाड थर सुकताना आकसतो आणि तडकतो. पहिल्यांदा पत्रीच्या कडेच्या रेघा उठतील. त्या ओल्या असताना गुळगुळीत करायला जाऊ नका, सुकल्यावर घासून काढायच्या असतात. माझं हे शिकायला एक अख्खी भिंत गेली.

सुकल्यावर 180 ने घासा. धूळ घरभर होते, म्हणून दारावर ओली चादर टांगा. ती धूळ धरते. मग एक युक्ती करा. रात्री दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक खड्डा, प्रत्येक लाट सावलीसकट दिसते. पेन्सिलने गोल करा, सकाळी तेवढंच भरा. हे केलंत तर तुमची भिंत आणि रंगाऱ्याची भिंत यांत फार फरक राहत नाही.

जुने पाण्याचे पिवळे डाग किंवा देवघराजवळची काजळी पाण्याच्या प्रायमरमधून परत वर येते. दोन हात द्या, चार हात द्या, ती डोकावतेच. तेवढ्या भागाला ऑइल बेस प्रायमर लावून सुकू द्या, मग बाकीचं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती काही पेटवू नका.

रंगाचा दिवस

पाण्याचा प्रायमर डब्यावरच्या प्रमाणात पातळ करून एक हात मारा. सहा-आठ तास सुकू द्या, 320 ने हलकेच घासा, धूळ पुसा.

आता रंग. पाणी किती घालायचं ते डब्यावर असतं आणि कंपनीप्रमाणे बदलतं. मापून घाला, अंदाजाने नाही. पहिल्या आणि दुसऱ्या हाताला एकच प्रमाण ठेवा. आणि रंगवताना पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं निर्दयपणाचं आहे, पण पंख्याच्या वाऱ्याने रंगाची कड आधी सुकते आणि दोन पट्ट्यांचा जोड कायमचा दिसतो. घाम पुसायला गळ्यात पंचा ठेवा. रंग संपला की मग पंखा लावा.

पहिलं छत. खिडकीकडून सुरू करून आत जा. शेवटची ओढ खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेनेच ठेवा, म्हणजे जोड दिसत नाहीत. टोपी आणि गॉगल घाला, हे सांगायला नको.

मग भिंत. आधी कटिंग, म्हणजे छताच्या कडेला, कोपऱ्यात, चौकटीभोवती, स्विचबोर्डाभोवती ब्रशने दोन-तीन इंचांची पट्टी. इथे सगळे घाबरतात. ब्रश रंगात केसांच्या एक तृतीयांशापर्यंत बुडवा, डब्याच्या कडेला दोन्हीकडून थोपटा, पुसून काढू नका. पहिली ओढ कडेपासून अर्धा इंच दूर ठेवा. रंगाचा जाड भार तिथे उतरतो. मग तोच ब्रश थोडा दाबा, केस पंख्यासारखे पसरतात, आणि त्या पसरलेल्या टोकांनी हळूहळू रंग कडेपर्यंत ढकला. मनगट लॉक, हात खांद्यापासून हलवायचा. श्वास सोडत एक फूट ओढ, थांबा, परत. श्वास रोखून धरू नका. पहिल्या दोन फुटांत रेघ नागमोडी येईल, तिसऱ्या फुटाला जमायला लागेल. टेप लावून करायचं असेल तर टेपची कड नखाने दाबून बसवा, आणि शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच, सुमारे 45 अंशांत, हळू ओढून काढा. पूर्ण सुकल्यावर काढली तर रंगाची कड फाटून येते.

एका वेळी एकाच भिंतीचं कटिंग करा. चारही भिंतींचं करून बसलात तर पहिलीची पट्टी सुकून चौकट आखल्यासारखी दिसते.

रोलर ट्रेमध्ये बुडवून खाचांवर दोन-तीनदा फिरवा, रंग ठिबकायला नको. भिंतीवर तीन फूट रुंद भाग घ्या, आधी इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखा आकार काढत रंग पसरवा, मग मधल्या मोकळ्या जागा भरा, शेवटी वरून खाली एकाच दिशेने, दाब न देता, हलका हात. पुढचा भाग आधीच्या ओल्या कडेवरून सुरू करा. भिंत अर्ध्यावर सोडून चहाला उठू नका. चहा आधी घ्या. आणि जिथे रंग अर्धवट सुकलाय तिथे काही राहिलंसं वाटलं तरी परत रोलर फिरवू नका, ओढ बसून ठिगळ दिसतं. दुसरा हात आहेच.

पहिला हात मारून झाल्यावर भिंत भयानक दिसते. डाग, पट्टे, खालचा रंग डोकावतोय. फोन करून कोणाला बोलावू नका, घाबरू नका. चार-सहा तासांनी दुसरा हात मारलात की ती भिंत होते. पावसाळी दमट हवेत हे अंतर जास्त ठेवा.

दारं-खिडक्या शेवटी. घासून, वूड प्रायमर, मग तेलरंगाचे दोन पातळ हात, प्रत्येकाला एक रात्र. तेलरंग किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा. पाण्याचे इनॅमल (चकचकीत रंग) ही मिळतात, त्यांना वास कमी येतो, पण दमटपणात त्यांना नीट सुकायला वेळ द्या. त्या रात्री त्या खोलीत झोपू नका, दमा असलेल्यांनी तर दोन-तीन दिवस नाहीच.

सजावट थोडकी

रंगानंतर सगळ्यांना उत्साह येतो. मला नुसती भिंत आवडते, पण एका भिंतीला काही करायचंच असेल तर पलंगामागची निवडा, दरवाजातून समोर दिसणारी. गडद शेड किंवा स्टेन्सिल. वॉलपेपर किनाऱ्याकडच्या ओलसर भिंतींवर लावू नका, मागे बुरशी धरते आणि वर्षभर कळतही नाही. वारली चित्र करायचं असेल तर मूळ पद्धतीत गेरूच्या रंगाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा असतो. आपल्या फ्लॅटमध्ये वीटकरी इमल्शनवर पांढऱ्या ॲक्रिलिकने काढलं तर टिकतं. आधी कागदावर सराव करा, गोल आणि त्रिकोण दिसतात तेवढे सोपे नाहीत.

पडद्याचा रॉड खिडकीच्या वर अर्धा फूट आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर लावा, खिडकी मोठी दिसते. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बसतो. आपल्याकडे घड्याळापाशी, अगदी वर टांगायची सवय आहे, ती सोडा. दिवे बदलायचे असतील तर 3000 केल्विनचा पिवळसर आणि 6500 चा पांढरा यांच्यात रंग पूर्ण वेगळा दिसतो. म्हणून दिवा आधी ठरवा, शेड नंतर.

उरलेलं

ब्रश आणि रोलर लगेच धुवा, पाण्याच्या रंगाचे पाण्यात. ट्रेमधला उरलेला रंग मोरीत ओतू नका, वर्तमानपत्रावर पसरून सुकवा आणि कचऱ्यात टाका. डब्याच्या झाकणाखाली प्लास्टिक ठेवून घट्ट बंद करा.

नव्या भिंतीला निदान आठवडाभर ओलं फडकं लावू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, हवा खेळायला.

आणि थोडासा रंग, एका जॅमच्या बाटलीत, झाकणाशी शिल्लक जागा न ठेवता भरून ठेवा. बाहेर कागद चिकटवून शेडचा नंबर, खोली आणि महिना लिहा. मॅट रंगावर खरचट गेली की लहान ब्रशने टेकवला की मिसळून जातो, चमकीच्या रंगावर मात्र ठिगळ दिसतं, तिथे अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते. आमच्या बाटलीवर ‘मागची खोली, ताकाचा रंग’ असं लिहिलंय. मागच्या आठवड्यात मुलाच्या सायकलच्या हँडलने कोपऱ्यात चट्टा उठवला, तेव्हा तीच बाटली उघडली. वरची साय काढली, खाली रंग चांगला होता.